दारीं उभा असलेला अनोळखी मनुष्य

(वाचावें: प्रेषितांचीं कृत्यें ३:१-१०, मत्तय ५:४२, २ थेस्सलनीकाकरांस ३:६-१३)



गोदावरीच्या उत्तर तीरावर, अंबड तालुक्यांत, शहागड हें गांव आहे. धुळ्याहून सोलापुरास जाणारा राष्ट्रीय महामार्ग येथें पुलावरून नदी ओलांडतो व बीड जिल्ह्यांत शिरतो. ज्या गांवावरून मोठा रस्ता जातो त्या गांवास अनोळखी माणसांची वाण कधींच नसते. आषाढीच्या सुमारास दिंड्या जातात, दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीस निघालेलीं कुटुंबें जातात, एस. टी. चुकलेले प्रवासी रात्र काढतात; आणि ह्या सर्वांत कोणी ना कोणी दारीं येऊन हात पुढें करतो. अशा रस्त्यावरील एखाद्या लहानशा मंडळीचा प्रसंग आपण डोळ्यांपुढें आणूं.

रविवारची उपासना नुकतीच संपली आहे. माणसें चपला शोधीत बाहेर पडत आहेत. दारापाशीं एक मनुष्य उभा आहे. कपडे धुळीनें माखलेले, हातांत प्लॅस्टिकची पिशवी, पिशवींत दवाखान्याचे कागद. तो ‘जय ख्रिस्त’ म्हणतो. आपण सोलापुराकडचे विश्वासी असून आपली बायको छत्रपति संभाजीनगरच्या मोठ्या दवाखान्यांत पडली आहे, औषधांस दोन हजार रुपये हवेत, असें तो सांगतो. मंडळींतील एक वडील हळूच म्हणतात, “मागच्या सालीं असाच एक आला होता, पैसे घेऊन गेला तो गेलाच.” दुसरे म्हणतात, “मागेल त्याला द्यावें असें प्रभूचें शिक्षण आहे. चौकशी करणारे आपण कोण?” उपदेशकाच्या हातांत त्या दिवसाची वर्गणी आहे, ती मोजली तर साडेतीनशें रुपये भरते. सर्वांचे डोळे त्याच्याकडे लागले आहेत. त्यानें काय करावें?

हा प्रश्न लहान दिसतो, पण लहान नाहीं. त्या मनुष्याचें म्हणणें खरें असेल आणि आपण त्यास घालवून दिलें, तर एका आजारी स्त्रीचें औषध आपण अडविलें. तें खोटें असेल आणि आपण पैसे दिले, तर एखाद्या विधवेनें मुठींत धरून आणलेलें नाणें आपण लुच्च्याच्या स्वाधीन केलें. जबाबदारी दोन्ही बाजूंनीं आहे, आणि निकाल मात्र उभ्याउभ्या द्यावयाचा आहे.

शास्त्राचा आधार घेऊं म्हटलें तर दोन्ही वडील शास्त्रच पुढें करतात. एकाच्या हातीं डोंगरावरील प्रवचन आहे, दुसऱ्याच्या हातीं थेस्सलनीका येथील मंडळीस लिहिलेलें पत्र. ज्यास काम करावयाचें नाहीं त्यानें खाऊंहि नये, असा त्या पत्राचा आशय आहे. परंतु दोन्ही वचनें पुरतीं वाचावीं. पौलानें तो नियम मंडळींतल्याच माणसांना घातला. तीं धडधाकट असून उद्योग सोडून इतरांच्या कामांत लुडबूड करीत होतीं. शिवाय ज्यास काम मिळत नाहीं किंवा ज्याच्या अंगीं बळ नाहीं त्याविषयीं पौल तेथें बोलतच नाहीं. त्याच अध्यायांत पुढें, चांगलें करतां करतां थकूं नका, असेंहि तो सांगतो. आणि यरुशलेमेंतील गरिबांकरितां गांवोगांव वर्गणी गोळा करणारा पौल तोच होय. उलट, डोंगरावरील प्रवचनांत प्रभु मागणाऱ्यास देण्याची आज्ञा करतो खरा. पण जें मागेल तेंच आणि तितकेंच द्यावें असें त्यानें कोठें सांगितलें आहे? मूल सुरी मागतें तेव्हां आई त्याच्या हातीं सुरी देत नाहीं. पण त्यास उचलून घेतल्यावांचूनहि राहत नाहीं.

पेत्र व योहान ह्यांची गोष्ट आपण सर्वांनीं शब्बाथ शाळेंत ऐकली आहे. मंदिराच्या सुंदर नांवाच्या दरवाजापाशीं एक जन्मापासून पांगळा मनुष्य बसत असे. त्यानें पैसा मागितला. प्रेषितांजवळ पैसा नव्हता, आणि तसें त्यांनीं त्यास उघड सांगितलें. पण हें सांगण्यापूर्वीं त्यांनीं काय केलें तिकडे आपलें लक्ष क्वचितच जातें. त्यांनीं त्याच्याकडे निरखून पाहिलें, आणि त्यालाहि आपल्याकडे पाहावयास सांगितलें. रोज शेंकडों लोक त्याच्या पुढ्यांत नाणें टाकून आंत प्रार्थनेस जात असतील. त्यांतल्या कितींनीं त्याचें तोंड पाहिलें असेल? पहिल्यानें पाहणें, मग बोलणें, मग उजवा हात धरणें, ह्या क्रमानें तें काम झालें. चमत्कार करण्याचें सामर्थ्य आपणांपाशीं नसेल. पण पाहणें, बोलणें व हात धरणें हें ज्याला होणार नाहीं असा गरीब ख्रिस्ती कोण आहे?

ह्यावरून मला असें वाटतें कीं, ज्याला आपण एक प्रश्न समजतों ते खरोखर दोन आहेत. ह्या मनुष्याला आपण आपला मानावा कीं नाहीं, हा पहिला. आणि ह्याला पैसे द्यावे कीं नाहीं, हा दुसरा. पहिल्याचें उत्तर प्रभूनें अगोदरच देऊन ठेविलें आहे, व त्यास कोणत्याहि चौकशीची गरज नाहीं. दुसऱ्यास चौकशी लागते, आणि तिच्याअंतीं ‘नाहीं’ असेंहि उत्तर येऊं शकतें. हे दोन प्रश्न एकांत एक कालवले म्हणजे घोटाळा होतो. पैशांविषयीं संशय आला कीं आपण माणसालाच झिडकारतों. किंवा माणूस दारांत नको म्हणून त्याच्या अंगावर दहा रुपये टाकून मोकळे होतों. दुसऱ्या रीतीस आपण दान म्हणतों, पण तेंहि एक प्रकारचें झिडकारणेंच होय.

टाकलेल्या दानाची चव आपल्या लोकांना इतरांपेक्षां अधिक ठाऊक असावी. आपल्यांपैकीं पुष्कळांचे आजे-पणजे गांवकुसाबाहेर राहत. गांवकीचीं कामें करावीं, सांगावे पोंचवावे, मेलेलीं जनावरें ओढावीं, आणि संध्याकाळीं दारोदार फिरून भाकरी मागावी, असा त्यांचा ‘हक्क’ होता. ती भाकरी दुरून पडे. तिच्यांत शिळेपणा होता हें दुःख लहान. देणाऱ्याचा हात घेणाऱ्याच्या हातास लागूं नये अशा बेतानें ती टाकली जाई, हें दुःख मोठें. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनीं १९२८ सालीं मुंबई कायदे कौन्सिलांत ह्या वतनी पद्धतीविरुद्ध बिल आणलें तें ह्याच अपमानामुळें. आणि कनिष्ठ गांव-वतनें रद्द करण्याचा कायदा पुढें १९५८ सालीं झाला. इस्राएल लोकांना मोशेच्या नियमशास्त्रांत परक्यावर जुलूम करूं नये असें जेथें सांगितलें आहे, तेथें त्याचें कारणहि दिलें आहे: परक्याचें मन तुम्ही जाणतां, कारण मिसर देशांत तुम्हीहि परके होतां. मागणाऱ्याचें मन आपण जाणतों. निदान आपल्या घरांतल्या म्हाताऱ्या माणसांना विचारलें तर कळूं शकेल.

हें मन कसें असतें हें पंडिता रमाबाईंनीं आपल्या दुष्काळाच्या आठवणींत लिहून ठेविलें आहे. त्यांचे वडील अनंतशास्त्री डोंगरे हे पुराणें सांगत क्षेत्रोक्षेत्रीं फिरत. होतें तें द्रव्य दानधर्मांत सरलें. पुढें दक्षिणेंत दुष्काळ पडला, आणि १८७४ सालीं वडील, आई व थोरली बहीण हीं तिघें उपासमारीनें खंगून एकामागून एक गेलीं. रमाबाई तेव्हां सोळा वर्षांच्या होत्या. आईनें मरणापूर्वीं बाजरीच्या भाकरीचा तुकडा मागितला, म्हणून त्या शेजारच्या एका बाईच्या दारीं गेल्या. संस्कृताचे हजारों श्लोक ज्या जिभेवर नाचत होते त्या जिभेला ‘भाकरी द्या’ हे शब्द उच्चारवेनात.  त्या बाईंनीं तें ओळखलें, आपण होऊन विचारलें व भाकरी दिली. रमाबाईंना आभार मानणेंहि सुचलें नाहीं. त्या तशाच धांवत आईकडे गेल्या, पण आईला तो घांस खाण्याचें त्राण उरलें नव्हतें.

वाचकहो, त्या शेजारणीकडे पाहा. तिनें मागणीचे शब्द ऐकलेच नाहींत; तोंड पाहिलें आणि समजली. जी मुलगी त्या दिवशीं मागूं शकली नाहीं तीच पुढें १८९७ च्या दुष्काळांत मध्य प्रांतांत गेली, आणि ज्या मुलींना मागण्याचेंहि बळ नव्हतें त्यांना वेंचून घेऊन आली. केडगांवचें मुक्तिसदन अशा मुलींनीं भरलें. त्या काळीं मिशनांच्या आश्रयास आलेल्यांना ‘पोटासाठीं बाटलेले’ म्हणून हिणवीत. त्यांत पोटासाठीं आलेले कोणीच नव्हते असें आपण म्हणूं नये. दुष्काळांत पोटाशिवाय मनुष्य आणखी कशानें चालणार? पण आश्रय देणाऱ्यांनीं प्रत्येकाचें अंतःकरण अगोदर चाळून पाहण्याचा हट्ट धरला असता, तर आज हें पत्र वाचणारे कित्येकजण जन्मासच आले नसते. तेव्हां जिच्या पूर्वजांवर असा संशय घेतला गेला त्या मंडळीनें दारांतल्या मनुष्याविषयीं एकदम ‘हा ढोंगी’ असें म्हणण्यापूर्वीं थोडें थांबावें.

येथें पहिले वडील म्हणतील, “हें सर्व खरें, पण आम्ही खरोखरच फसलों आहों. त्याचें काय?” त्यांचें म्हणणें टाकाऊ नाहीं. खोटीं पत्रें, खोटे शिक्के, दुसऱ्याच्या आजाराचे कागद दाखवून मंडळ्यांतून फिरणारे लोक आहेत. अलीकडे तर दारीं येण्याचेंहि कारण उरलें नाहीं; मोबाईलवर एका लहान मुलाचें चित्र व खात्याचा क्रमांक येतो, आणि पुढील रविवारीं तोच संदेश दुसऱ्या मुलाच्या नांवानें येतो. दुधानें तोंड पोळलें म्हणजे मनुष्य ताकहि फुंकून पितो. फुंकून पिण्यांत पाप नाहीं. ताक पिण्याचेंच सोडून देणें हें मात्र नुकसानीचें.

ही अडचण आजची नाहीं. ‘डिडाखी’ नांवाचें मंडळीच्या बाल्यावस्थेंतलें एक लहान पुस्तक आहे. त्याची हस्तलिखित प्रत १८७३ सालीं कॉन्स्टँटिनोपल येथें सांपडली व १८८३ सालीं ती छापली गेली. त्यांत ह्याच प्रश्नास उत्तर आहे. त्याचा सारांश असा: प्रभूच्या नांवानें येणाऱ्या प्रत्येकाचा स्वीकार करा, नंतर त्याची पारख करा. तो वाटसरू असेल तर होईल तितकें साहाय्य करा. दोन किंवा गरज पडल्यास तीन दिवसांहून अधिक त्यास ठेवूं नका. त्यास तुमच्यांतच राहावयाचें असेल, तर त्याच्या हाताला काम द्या. आणि प्रेषित म्हणविणारा जर पैसेच मागूं लागला, तर तो खरा नव्हे असें समजा. हा क्रम मनांत ठेवण्याजोगा आहे: स्वीकार अगोदर, पारख नंतर. आपण पुष्कळदां पारख अगोदर करतों, आणि मग स्वीकाराची वेळच येत नाहीं.

ह्या उदारपणाविषयीं बाहेरच्या दोघांची साक्ष मोठी विचार करण्यासारखी आहे. दुसऱ्या शतकांत लूशियन नांवाचा एक उपहासकार होऊन गेला. पेरेग्रीनस नांवाच्या एका बहुरूप्यास ख्रिस्ती लोकांनीं तुरुंगांत असतां कसें खाऊं-पिऊं घातलें, आणि असला कोणीहि धूर्त ह्या भोळ्या लोकांत आला तर लवकरच कसा श्रीमंत होईल, ह्याचें वर्णन करून तो हंसतो. पुढें चौथ्या शतकांत जूलियन बादशहा जुन्या देवांची पूजा पुन्हा चालू करूं पाहत होता. त्यानें आपल्या एका मुख्य पुजाऱ्यास लिहिलें कीं, हे गालीली लोक आपल्या गरिबांसच नव्हे तर आमच्याहि गरिबांस पोसतात, आणि आम्हांला ही लाज आहे. एकानें ज्या गुणास हंसावें, त्याच गुणाचा दुसऱ्यानें हेवा करावा! मंडळी अधूनमधून फसली हें लूशियनाचें म्हणणें खरेंच असेल. परंतु कधींच न फसणारी मंडळी असती, तर जूलियनास हेवा वाटण्याचें कारण पडलें नसतें.

संशय मर्यादेबाहेर गेला म्हणजे काय होतें, ह्याचें एक उदाहरण आपल्याच महाराष्ट्रांत घडलें आहे, आणि तें सांगतांना मन कष्टी होतें. १ जुलै २०१८ ह्या रविवारीं धुळे जिल्ह्याच्या साक्री तालुक्यांत राईनपाडा येथें आठवड्याचा बाजार भरला होता. नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पांच पुरुष तेथें आले. भिक्षा मागून पोट भरणें हा त्या समाजाचा पिढीजात व्यवसाय. मुलें पळविणारी टोळी आली आहे अशी अफवा त्या दिवसांत मोबाईलवरून सर्वत्र पसरली होती. लोकांना त्या पांचांचा संशय आला. त्यांना ग्रामपंचायतीच्या खोलींत कोंडून इतकें मारलें कीं पांचहि जण मेले. त्यांनीं कोणाचेंहि मूल चोरलें नव्हतें. ते सोलापूर जिल्ह्याच्या मंगळवेढें भागाकडचे. शहागडावरून जाणारा रस्ता ज्या दोन जिल्ह्यांना जोडतो, त्यांतल्या एकांत त्यांचीं घरें होतीं, आणि दुसऱ्यांत त्यांना मरण आलें.

मारणारे सर्वजण जन्माचे क्रूर होते असें म्हणून आपली सुटका होणार नाहीं. ते आपल्यासारखेच आईबाप होते व आपल्या मुलांना भीत होते. मागणाऱ्या परक्याविषयींचा एक संदेश वाचावा, खरा कीं खोटा हें न पाहतां पुढें पाठवावा, आणि मनांत म्हणावें कीं सावध राहिलेलें बरें, इतकें तर आपल्यांतल्याहि पुष्कळांनीं केलें असेल. दोन हजार रुपये बुडाले तर मंडळी पुढच्या हंगामांत तूट भरून काढील. जीव गेला तर कोणत्या हंगामांत भरून निघणार? म्हणून ज्या मनुष्यास आपण पैसे नाकारूं त्याचें चित्र काढून गांवोगांव पाठवूं नये. अशा संदेशांत सुक्याबरोबर ओलेंहि जळतें. खरोखर गुन्ह्याचा संशय असेल तर पोलिसांस कळवावें, आणि पोलीस येईपर्यंत त्या मनुष्याच्या अंगास कोणी हात लावणार नाहीं ह्याची जबाबदारी ख्रिस्ती मनुष्यानें आपणावर घ्यावी.

आतां उपदेशकांना वारंवार विचारला जाणारा एक प्रश्न. वासुदेव, गोंधळी, पोतराज, नंदीबैलवाला हे दारीं येतात. ते कोणत्या ना कोणत्या देवाच्या नांवानें मागतात. त्यांना दिल्यानें मूर्तिपूजेस हातभार लागतो काय? आपल्या मुलुखांत भिक्षा ही नुसती दारिद्र्याची खूण नव्हे. ती एक वृत्ति आहे. समर्थ रामदासांचें जांब हें गांव आपल्याच जालना जिल्ह्यांत. त्यांच्या ‘दासबोधां’त भिक्षेवर एक स्वतंत्र समास आहे. पहांटे टोपी घालून गाणारा वासुदेव आपणांस भिकारी समजत नाहीं. तो गाणें देतो व धान्य घेतो. ज्याचा विश्वास निराळा आहे त्या ख्रिस्ती मनुष्यानें त्यास सरळ सांगावें: “दादा, हें मी देवास वाहत नाहीं, तुम्ही चालून आलां, भुकेले असाल, म्हणून तुम्हांला देतों.” असें बोलल्यानें विश्वासाची साक्षहि राहते, आणि भुकेल्याच्या पोटांत अन्नहि जातें. शोमरोनी मनुष्यानें रस्त्यावर पडलेल्यास कोणत्या डोंगरावर उपासना करतोस असें विचारलें नाहीं. त्याचप्रमाणें आपल्या दानालाहि उपदेशाची दोरी बांधूं नये. भाकरी देऊन बदल्यांत कान मागणें हा सौदा होय. शुभवर्तमान फुकट मिळालें आहे, तें भाकरीच्या मोलानें विकूं नये.

सरकारी कायद्याविषयीं एक शब्द. तत्कालीन मुंबई राज्यानें १९५९ सालीं भीक मागण्यास प्रतिबंध करणारा कायदा केला. त्यांत सार्वजनिक जागीं गाऊन, नाचून, भविष्य सांगून मागणेंहि भीकच ठरविलें. आणि पहिल्या खेपेस एक ते तीन वर्षें स्थानबद्ध ठेवण्याची तरतूद केली. हाच कायदा दिल्लीस लागू होता. तेथील उच्च न्यायालयानें ८ ऑगस्ट २०१८ रोजीं त्यांतलीं भीक मागण्यास गुन्हा ठरविणारीं कलमें राज्यघटनेच्या विरुद्ध म्हणून रद्द केलीं. पोटाच्या निरुपायानें हात पसरणाऱ्यास गुन्हेगार म्हणूं नये, असा त्या निर्णयाचा मतितार्थ. राईनपाड्याच्या घटनेनंतर सव्वा महिन्यानें हा निकाल लागला हें लक्षांत ठेवण्यासारखें आहे. मात्र लहान मुलांकडून भीक मागविणें हा गुन्हा आहे व तो असावाच. मुलाच्या हातावर ठेविलेलें नाणें बहुधा त्या मुलाचें राहत नाहीं. त्यास खाऊं घालावें, प्रेमानें बोलावें, आणि १०९८ ह्या क्रमांकावर बालकांच्या मदतीकरितां कळवावें.

हें सर्व ध्यानीं घेऊन मंडळ्यांनीं काय करावें, तें थोडक्यांत सांगतों.

पहिलें, दारीं आलेल्यास पाणी द्यावें व बसावयास सांगावें. शक्य असेल तर भाकरी द्यावी. त्याचें नांव विचारावें, व तें घेऊनच त्याच्याशीं बोलावें. हें करण्यास पैसा लागत नाहीं व फसण्याचें भय नाहीं. कारण खोटें बोलणाऱ्यालाहि तहान लागते.

दुसरें, लहान रक्कम ज्याची त्यानें द्यावी, आणि दिल्यावर ती विसरावी. परत येईल ह्या आशेनें दिलेलें दान पुढें रागाचें बीज होतें.

तिसरें, मोठी मागणी एकट्यानें मान्यहि करूं नये व नाकारूंहि नये. पाळक किंवा उपदेशक आणि दोन वडील मिळून ऐकावें. रोकड देण्याऐवजीं गरजेपर्यंत आपण चालत जावें: तिकीट हवें असेल तर वाहकाकडून काढून द्यावें, औषध हवें असेल तर दवाखान्यांत विचारून दुकानदारास पैसे द्यावे, पत्र आणलें असेल तर ज्यानें लिहिलें म्हणून सांगतात त्या पाळकास विचारावें. खरा गरजवंत ह्यानें दुखावत नाहीं, उलट त्यास सोबत मिळते. मोबाईलवरून आलेल्या मागणीसहि हाच नियम; फसवणूक झालीच तर १९३० ह्या क्रमांकावर ताबडतोब कळवावें.

चौथें, प्रत्येक मंडळीनें परक्यांसाठीं एक निराळी पेटी ठेवावी. दुसऱ्या शतकांतील जस्टिन नांवाच्या रक्तसाक्ष्यानें लिहून ठेविलें आहे कीं, रविवारची वर्गणी अध्यक्षापाशीं जमा होई व तींतून अनाथ, विधवा, आजारी, बंदिवान आणि गांवीं उतरलेले परके ह्यांस मदत होई. आपल्या घरांतून रोकड निघत नसेल, तर स्वयंपाकाच्या वेळीं मूठभर ज्वारी-बाजरी बाजूस काढावी. पेटी अगोदर भरलेली असली म्हणजे दारांत घासाघीस करावी लागत नाहीं. पाळकाचा पगार व विधवेची वर्गणी त्या क्षणाच्या दडपणाखालीं खर्च होत नाहीं, तें निराळेंच.

पांचवें, घरांतील स्त्रियांचा विचार करावा. घरीं एकटी असलेली स्त्री दाराची कडी न काढतां खिडकींतून पाणी-भाकरी देईल व शेजाऱ्यास हांक मारील, तर तिची प्रीति कमी असें कोणीं म्हणूं नये. आणि पुरुषांनींहि आठवण ठेवावी कीं, त्यांच्या उदारपणाचें ओझें पुष्कळदां चुलीपाशीं बसणारीवर पडतें. रे. ना. वा. टिळक हातीं असेल तें देऊन टाकीत, आणि मग संसार कसा चालवावा ही काळजी लक्ष्मीबाईंना पडे, हें ‘स्मृतिचित्रें’ वाचणारांस ठाऊक आहे. पत्नीस न विचारतां दिलेलें दान अर्धें दुसऱ्याचें असतें.

शेवटीं, नकार द्यावा लागला तर हात जोडून द्यावा. “आमच्याजवळ इतकेंच आहे,” हें सांगण्यांत पेत्राला लाज वाटली नाहीं. मग आपणांस कां वाटावी?

आतां त्या दारांत उभ्या असलेल्या मनुष्याकडे परत जाऊं. उपदेशक त्यास आंत बोलावतो. एक म्हातारी तांब्याभर पाणी आणून देते. दुसरी घरून भाकरी व चटणी घेऊन येते. तो जेवत असतां उपदेशक त्याचें नांव, गांव, पाळकाचें नांव विचारतो. मग म्हणतो, “भाऊ, दोन हजार आमच्यापाशीं नाहींत. ही परक्यांची पेटी आहे, हिच्यांत असेल त्यांतून संभाजीनगरचें तिकीट आम्ही काढून देतों; आमचा एक तरुण तुमच्याबरोबर येईल, आणि दवाखान्यांत तुमच्या पत्नीस भेटून काय हवें तें पाहील.”

कदाचित् त्या मनुष्याच्या डोळ्यांत पाणी येईल. कारण आठ दिवसांत कोणी त्याच्याबरोबर चालावयास तयार झालेला नसेल. कदाचित् तो चुळबूळ करील, “मी जरा बाहेर जाऊन येतों” म्हणेल, आणि परत येणार नाहीं. पहिलें झालें तर मंडळीनें एका भावास सांवरलें. दुसरें झालें तर एक भाकरी व तांब्याभर पाणी खर्च झालें. पण एका खोटें बोलणाऱ्या मनुष्यास एका गांवीं कोणीं हाकलून दिलें नाहीं, नांवानें हांक मारली, व त्याच्याबरोबर चालण्याची तयारी दाखविली. ही आठवण त्याच्या मनांत काय करील हें आपणांस दिसणार नाहीं. पण पेरणारा मातींत टाकलेलें बीं उकरून पाहत नसतो.

न्यायाच्या दिवशीं प्रभु आपणांस कितीजणांनीं फसविलें ह्याचा हिशेब मागेल, असें मत्तयाच्या पंचविसाव्या अध्यायांत कोठें लिहिलेलें मला आढळलें नाहीं. तेथें ‘परका’ हा शब्द मात्र आहे, आणि तो प्रभूनें स्वतःविषयीं वापरला आहे.